बर्बनची खिडकी, फ्रेंचमेनची बादली

न्यू ऑर्लिन्समध्ये रात्री गाणं ऐकायला कुठं जावं, असं कुणालाही विचारा. हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी, टॅक्सीवाला, कॉफी करून देणारा पोरगा, सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. बर्बन स्ट्रीट एकदा बघून घ्या, दहा मिनिटांत कंटाळाल. गाणं ऐकायचं असेल तर फ्रेंचमेनला जा. बर्बन म्हणजे दारुडे पर्यटक, प्लास्टिकच्या माळा आणि कानठळ्या. फ्रेंचमेन म्हणजे अस्सल जाझ, गावातली माणसं जातात ती जागा. हा निवाडा आता प्रवासाच्या पुस्तकांतही छापून येतो. तो वाचून आलेले पर्यटक फ्रेंचमेनवर इतकी गर्दी करतात की गावातली माणसं शनिवारी तिथं फिरकत नाहीत.

हा निवाडा मला पुरता पटलेला नाही. बर्बनवर लपलेला खजिना सापडला, असं सांगायला मी बसलेलो नाही. रात्री दहानंतर त्या रस्त्यावर तासभर उभं राहणं ही शिक्षाच आहे. पण एका रस्त्यावर खरी माणसं वाजवतात आणि दुसऱ्यावर नकली, हे काही खरं नाही. पुष्कळदा माणसं तीच असतात. संध्याकाळी बर्बनवरच्या बारमध्ये पाळी भरायची आणि रात्री वाद्य खांद्याला लावून फ्रेंचमेन गाठायचं, असे दोन्ही घरचे पाहुणे या गावात कमी नाहीत. वाजवणाऱ्याच्या हातावर पैसे कोण ठेवतो, केव्हा ठेवतो आणि कशाबद्दल ठेवतो, इथं या दोन रस्त्यांची फारकत होते. ती कशी झाली, याला दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात राजे, आरमार, सरकारी वकील आणि प्लास्टिकचा पेला असे सगळे आहेत.

दोन्ही रस्ते एकमेकांपासून पायी वीसेक मिनिटांवर. मिसिसिपी नदीच्या वळणात फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलेलं मूळ गाव म्हणजे आजचं फ्रेंच क्वार्टर. चौकटी आखून बांधलेलं, लोखंडी नक्षीच्या सज्ज्यांचं. त्यातून कनाल स्ट्रीटपासून एस्प्लनेड अ‍ॅव्हेन्यूपर्यंत तेरा चौक सरळ जातो तो बर्बन. एस्प्लनेड ओलांडली की क्वार्टर संपतं आणि मॅरिनी नावाचा भाग लागतो. तिथं जुन्या टांकसाळीच्या पलीकडे फ्रेंचमेन सुरू होतो. त्याचा गाण्याबजावण्याचा पट्टा जेमतेम तीन चौकांचा. हा सगळा भाग नदीनं शतकानुशतकं गाळ टाकून उंचावलेला आहे. त्यामुळे २००५ च्या ऑगस्टमध्ये कटरिना वादळात बांध फुटून शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला, तेव्हा हे दोन्ही रस्ते बचावले. वाजवायच्या जागा राहिल्या. वाजवणाऱ्यांची घरं मात्र सखल वस्त्यांत होती, ती गेली. ही गोष्ट पुढं लागणार आहे.

नावांचा किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. बर्बन हे फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव, व्हिस्कीचा इथं काही संबंध नाही. त्या घराण्यातल्या पंधराव्या लुईनं १७६२ मध्ये हा मुलूख आपला चुलतभाऊ, स्पेनचा राजा, याच्या पदरात टाकला. तोही बर्बनच. इथल्या फ्रेंच वसाहतवाल्यांना ते रुचलं नाही. १७६८ मध्ये त्यांनी बंड करून स्पॅनिश गव्हर्नरला हाकलून दिलं. पुढच्या वर्षी स्पेननं फौज पाठवली आणि बंडाच्या पाच म्होरक्यांना गोळ्या घातल्या. फ्रेंचमेन हा रस्ता त्यांच्या नावाचा. पुढं आपलं शेत तोडून तिथं भूखंड पाडणारा बर्नार द मॅरिनी हा अट्टल जुगारी जमीनदार. फाशांचा क्रॅप्स नावाचा खेळ अमेरिकेत रुजवण्याचं श्रेय त्याला देतात. आपल्या वसाहतीतल्या एका रस्त्याला त्यानं त्या जुगाराचंच नाव दिलं होतं.

बर्बनला आज नाकं मुरडणाऱ्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण या रस्त्यावर ऑपेरा होता. टुलूझ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८५९ मध्ये बांधलेलं फ्रेंच ऑपेरा हाउस साठ वर्षं उभं होतं. १९१९ च्या डिसेंबरात ते जळालं. त्याच्या दोनच वर्षं आधी, क्वार्टरच्या पाठीला असलेली स्टोरीव्हिल ही कायद्यानं आखून दिलेली वेश्यावस्ती आरमाराच्या दबावाखाली बंद झाली होती. तिथल्या दिवाणखान्यांत पियानो वाजवून जेली रोल मॉर्टनसारखे वादक पोट भरत. वस्ती उठली तरी रात्रीचा धंदा कुठं जातो? तो हळूहळू क्वार्टरमध्ये सरकला. दुसऱ्या महायुद्धात या बंदरातून सैनिक आणि खलाशी लाटांसारखे आले-गेले; त्यांच्या खिशात पगार आणि पुढच्या आठवड्याची शाश्वती नाही. बर्बनचे सोन्याचे दिवस तेव्हा सुरू झाले.

चाळीस-पन्नासच्या दशकांतला बर्बन म्हणजे बंद दारांचा रस्ता. आत टेबलं, मंद दिवे, कव्हर चार्ज, आणि स्टेजवर पगारी वाद्यवृंद. पॅडॉक लाउंजमध्ये पापा सेलेस्टिन ट्रम्पेट वाजवायचा. हा माणूस पुढं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरसमोर वाजवून आला. अल हर्ट आणि पीट फाउंटन यांनी तर पुढं या रस्त्यावर स्वतःचे क्लब काढले. शिवाय कपडे उतरवत नाचणाऱ्या बायकांचे क्लब होते. जाझचा इतिहास लिहिणारे हा भाग जरा दबक्या आवाजात सांगतात, पण त्या नाचाला तेव्हा जिवंत साथ लागे, ढोल, सॅक्सोफोन, पियानो, आणि कित्येक उत्तम वादकांच्या घरची चूल त्या साथीवर पेटत होती. ज्याला आज लोक हरवलेला अस्सल काळ म्हणतात, तो असा होता. त्यात आणखी एक गोष्ट होती. स्टेजवर काळे वादक चालत, समोरच्या टेबलावर काळं गिऱ्हाईक चालत नसे. १९५६ मध्ये लुइझियानानं गोऱ्या-काळ्यांनी एकत्र वाजवण्यावरही कायद्यानं बंदी घातली. याच गावात जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग त्या कायद्यामुळे जन्मगावी वाजवायला तयार नव्हता. तो परतला १९६५ मध्ये, नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर.

मग १९६२ मध्ये जिम गॅरिसन नावाचे नवे सरकारी वकील आले. हेच ते, जे पुढं केनेडी हत्येच्या खटल्यामुळे जगभर गाजले. त्यांनी बर्बनवर धाडींचा सपाटा लावला. गिऱ्हाइकांना लुबाडणारे, बायकांना पुढं करून महागडी दारू खपवणारे कितीतरी क्लब बंद पडले. त्यांत लुबाडणूक होतीच, पण त्यांच्याबरोबर साथीदारांच्या नोकऱ्याही गेल्या. टेलिव्हिजन घरोघरी आलाच होता. आत येऊन टेबलाचे पैसे देणारं गिऱ्हाईक आटत चाललं.

साठच्या दशकाच्या अखेरीस कुणाच्या तरी डोक्यात आलं की गिऱ्हाईक आत येत नसेल तर दारू बाहेर द्यावी. रस्त्याकडची खिडकी उघडायची, फळी टाकायची, आणि पेला चालत्या माणसाच्या हातात द्यायचा. अमेरिकेत बहुतेक शहरांत रस्त्यावर उघडा पेला घेऊन फिरणं गुन्हा आहे. इथं काच नको, प्लास्टिक चालेल, एवढीच अट. बार किती वाजता बंद करायचा याचीही कायद्यात सक्ती नाही. खिडकीला ना खुर्ची लागते, ना स्टेज, ना ट्रम्पेटवाल्याचा पगार. भाडं थोडं, खप जास्त. रिचर्ड कॅम्पानेला या भूगोलाच्या अभ्यासकानं बर्बनचा अख्खा इतिहास २०१४ मध्ये पुस्तकरूपानं लिहिला आहे. त्यातही या खिडक्यांना मोठी जागा आहे. रस्त्याचा कायापालट त्यांनी केला. पूर्वी तमाशा आत होता आणि रस्ता नुसता पोहोचण्यापुरता. आता रस्ता हाच तमाशा झाला आणि चालणारेच त्यातले नट.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. तिथल्या मराठी मंडळींची लाँग वीकेंडची ही ठरलेली सहल, साडेतीनशे मैल गाडी हाकत यायचं. बर्बनवर मी एका बारसमोर थांबून आतला बँड ऐकायचा प्रयत्न करत होतो. शेजारच्या दोन बारमधले दोन बँड त्यात मिसळत होते, समोर कराओकेवर कुणीतरी किंचाळत होतं. भाच्यानं दंडाला धरून पुढं काढलं.

‘‘मामा, इथं थांबून ऐकायचं नसतं. इथं चालायचं असतं.’’

त्यानं सहज सांगितलं, पण बर्बनवरच्या संगीताचं सगळं गणित त्यात आहे. चालत्या माणसाला चार सेकंदांत थांबवायचं, हे तिथल्या बँडचं काम. म्हणून दारं सताड उघडी, म्हणून आवाज चढा, म्हणून गाणी सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, पहिल्या दोन सुरांत ओळखू येणारी. आपल्याला जे येतं ते वाजवायची सोय नाही, त्यांना जे ठाऊक आहे ते वाजवायचं. तीच वीस-पंचवीस गाणी, रात्रीमागून रात्र, चार-चार पाच-पाच तासांच्या पाळीत. पण हेही ऐकून घ्या: त्या पाळीचे पैसे बहुधा ठरलेले असतात. गर्दी असो की पाऊस, रात्र भरली की मजुरी मिळते. घरभाडं देणाऱ्या माणसाला ही फार मोठी गोष्ट आहे, आणि बर्बनवर वाजवणाऱ्याला विकला गेलेला कलावंत म्हणणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही.

कनालकडच्या टोकाला हँड ग्रेनेड नावाचं जालीम पेय हिरव्या लांबुडक्या नळीतून पीत माणसं झोकांड्या खात असतात. सज्ज्यांवरून माळा फेकल्या जातात. पोरं बुटांच्या तळव्यांना बाटल्यांची बुचं नाहीतर चेपलेले डबे लावून फरसबंदीवर टॅप नाच करतात. त्यांची पावलं इतकी चोख पडतात की समोरच्या बारमधला ढोलवाला फिका वाटावा. पण जरा पुढं गेलं की चित्र बदलतं. फ्रिट्झेल्स या अरुंद बाकड्यांच्या जागेत १९६९ पासून जुन्या वळणाचा जाझ चालू आहे, आणि तो बर्बनवरच आहे. तिथून हाकेच्या अंतरावर, सेंट पीटर स्ट्रीटवर, १९६१ मध्ये सुरू झालेला प्रिझर्व्हेशन हॉल. जुन्या, विस्मरणात चाललेल्या काळ्या वादकांना वाजवायला जागा मिळावी म्हणून अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी या जोडप्यानं तो चालवायला घेतला. तिथं दारू नाही. भिंतीवर फर्माइशींचा दरफलक होता: जुन्या चिजांना कमी पैसे, इतर गाण्यांना जास्त, आणि सगळ्यात महाग ‘सेंट्स’. ते एकच गाणं प्रत्येक पर्यटकाला हवं असतं आणि वादकांना त्याचा वीट आलेला असतो.

सेंट अ‍ॅन स्ट्रीटच्या कोपऱ्यापासून समलिंगी मंडळींचे बार लागतात, त्यांची गर्दी वेगळी, गाणी वेगळी. पुढं अठराव्या शतकातली, कललेल्या भिंतींची लाफीटची लोहारशाळा, मेणबत्त्यांच्या उजेडात पियानो. आणि मग सरळ घरं. कुंड्या, झडपांच्या खिडक्या, मांजरं. बर्बनचा जवळजवळ निम्मा भाग असा राहता आहे, हे दहा मिनिटांत परत फिरणाऱ्यांना कधी कळत नाही. सकाळी लवकर आलं तर पाण्याच्या गाड्या रस्ता धूत असतात; कटरिनानंतर त्या पाण्यात लिंबाच्या वासाचं द्रव्य मिसळायला लागले. रात्रभराची उलटी, बिअर आणि वर लिंबू, हा वास नाकातून दुपारपर्यंत जात नाही.

२०२५ च्या १ जानेवारीला पहाटे याच रस्त्यावर एका माणसानं पिकअप ट्रक गर्दीत घातला. चौदा निष्पाप माणसं गेली. गाड्या अडवायचे जुने खांब बदलायचं काम तेव्हा चालू होतं. दुसऱ्याच दिवशी रस्ता पुन्हा खुला केला आणि ब्रास बँड वाजवत लोक तिथून गेले. या गावात प्रेतयात्रेलाही बँड असतो, त्यामुळे हे इथल्यांना वावगं वाटलं नाही.

आता फ्रेंचमेन. १९७० पर्यंत हा मॅरिनीतला एक पडेल रस्ता होता. भाडी कमी, म्हणून कलावंत आले. कलावंत आले म्हणून ऐंशीच्या दशकात क्लब आले. स्नग हार्बर त्यातला जुना आणि मानाचा. इथं तिकीट काढून, खुर्चीत बसून, बोलणं बंद करून ऐकायचं. एलिस मार्सालिस हे पियानोवादक आणि गुरू वर्षानुवर्षं दर शुक्रवारी इथं वाजवत. विंटन आणि ब्रॅनफर्ड हे त्यांचे जगप्रसिद्ध मुलगे. पण हॅरी कॉनिक ज्युनियरसारखे बाहेरचे चेलेही त्यांच्या हाताखाली तयार झाले. १ एप्रिल २०२० रोजी करोनानं ते गेले. विद्यार्थ्यांना जग देऊन स्वतः आठवड्याचा शुक्रवार न चुकवणारा असा माणूस एखाद्या रस्त्याला लाभला की त्या रस्त्याची पत दोन पिढ्या टिकते.

पण फ्रेंचमेनचा खरा नमुना म्हणजे स्नग हार्बरच्या समोरचा स्पॉटेड कॅट. खोली एवढीशी. बँड रस्त्याकडच्या खिडकीला पाठ लावून उभा, म्हणजे बाहेरच्याला वादकांच्या पाठी दिसतात आणि त्यांच्या खांद्यांवरून आतली गर्दी. निदान एक पेय घ्यायचं ही अट. क्लॅरिनेट, बँजो, ट्रॉम्बोन, उभा बास. वादकांच्या अंगात गॅलस, डोक्याला टोप्या. चिजा १९२०-३० मधल्या. मध्येच नाचणारी एखादी जोडी दोन फुटांच्या जागेत अशी काही गिरकी घेते की बाजूच्यांचे पेले आपोआप छातीशी जातात. वाजवणं उत्तम. मी तिथून हललो नाही.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर बादली निघाली. साधी पत्र्याची बादली, बाहेरून क्यूआर कोड चिकटवलेला, कारण हल्ली रोकड कुणाच्या खिशात नसते. ट्रॉम्बोनवाली मुलगी वाद्य काखोटीला मारून गर्दीतून वाट काढत ती प्रत्येकाच्या नाकासमोर धरत होती, हसतमुख, पण हलायची नाही. भाच्यानं पाकीट काढलं.

‘‘मामा, पाच टाकू की दहा?’’

‘‘चौघं आहोत ना? वीस टाक.’’

या रस्त्यावरच्या बहुतेक बँडचा हिशेब असा आहे. दारावर तिकीट नाही किंवा नाममात्र; बारच्या गल्ल्यातला ठरलेला टक्का आणि बादली. समजा सहा जणांचा ताफा आहे आणि बादलीत तीनशे डॉलर पडले, तर माणशी पन्नास. पाऊस पडला तर त्याच्या निम्मे. मोठा ताफा न्यावा तर वाटणी घटते, लहान न्यावा तर आवाज भरत नाही. बादली फिरवायच्या आधी संथ चीज कुणी घेत नाही, हे दोन-तीन क्लब फिरल्यावर कळलं; आधी जोरदार काहीतरी, टाळ्या ओसरायच्या आत बादली. आपल्याकडे संगीत बारीत बसलेल्या माणसाला हे नवीन नाही. फर्माइश, दौलतजादा आणि मालकाचा हिस्सा. फडाचा तमाशा तिकिटावर चालतो तसा स्नग हार्बर. बारीचा कारभार दौलतजादावर, तसा स्पॉटेड कॅट. बारीतल्या बाईला कोणती लावणी केव्हा घ्यायची हे ज्या कारणानं उमगतं, त्याच कारणानं ट्रॉम्बोनवालीला उमगतं.

म्हणून फ्रेंचमेनवर जे वाजतं ते गिऱ्हाइकाच्या मागणीतून मुक्त आहे, असं मानायचं कारण नाही. बर्बनवरच्या पर्यटकाला कॉलेजच्या दिवसांतलं रॉक हवं असतं. फ्रेंचमेनवरच्या पर्यटकाला आपण बर्बनवरचे नाही याची खात्री हवी असते, आणि ती त्याला गॅलस-टोपीतला १९२५ देतो. गावातले तरुण वादक याखेरीज फंक वाजवतात, हिपहॉप मिसळतात, नवं लिहितात. ते ऐकायचं तर ब्लू नाइलमध्ये किंवा डीबीएमध्ये योग्य रात्र गाठावी लागते. खिडकीतून दिसतं ते प्रामुख्यानं जुनंच. मला जुनं आवडतं, माझी तक्रार नाही. फक्त त्याला निरागस म्हणू नये.

आवडण्याचं एक कारण आपल्या कानांत आहे. एका क्लबमध्ये ट्रम्पेटनं असा एक झोका घेतला की मला अण्णा आठवले, म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याच्या या माणसानं १९५१ च्या ‘अलबेला’त जी गाणी केली त्यांत चिक चॉकलेट या गोव्याच्या हळदोण्याच्या ट्रम्पेटवाल्याचा वाटा मोठा, तो आणि त्याचे साथीदार त्या चित्रपटात दिसतातही. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलात तीसच्या दशकात अमेरिकेतले काळे वादक येऊन वाजवत, त्यांच्याकडून गोवेकरांनी उचललं, गोवेकरांकडून हिंदी चित्रपटानं. भगवानदादांच्या नाचावर ठेका धरलेल्या आपल्या दोन पिढ्यांच्या कानात न्यू ऑर्लिन्स असं मागच्या दारानं येऊन बसलेलं आहे.

फ्रेंचमेन आणि शार्ट्र यांच्या कोपऱ्यावर रात्री पोरांचा ब्रास बँड उभा राहतो. कुणाचं तिकीट नाही, कुणाचा बार नाही, समोर पुठ्ठ्याचं खोकं. अंगाला विळखा घातलेला सुसाफोन, तीन-चार ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. मोठ्या ढोलाच्या डोक्यावर एक झांज आडवी बसवलेली असते, आणि ती वाजवायला पोराच्या हातात असतो स्क्रूड्रायव्हर. काहीजण कपड्यांच्या हँगरची तार वाकवून घेतात. टिपरीपेक्षा तिचा आवाज पातळ आणि धारदार निघतो, सगळ्या पितळेतून वर येतो. उजव्या हातात ढोलाचा दांडा, डाव्यात स्क्रूड्रायव्हर. एकच माणूस दोन ढोलक्यांचं काम करतो आणि वर चालतही राहतो. हे तंत्र शाळेत शिकवून येत नाही. रविवारच्या मिरवणुकांत बापामागून, काकामागून चालताना येतं.

याच पोरांमागं पोलीस लागतात. रात्री आठ ते सकाळी नऊ रस्त्यावर वाद्य वाजवू नये, असा जुना नियम शहराच्या पुस्तकात होता. २०१० च्या जूनमध्ये बर्बन आणि कनालच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या टू बी कंटिन्यूड ब्रास बँडला पोलिसांनी तो दाखवून गप्प केलं. गावात गहजब झाला. २०१४ च्या जानेवारीत आवाजाचा नवा कडक नियम येऊ घातला होता. वादक वाद्यं घेऊन थेट नगरपालिकेच्या इमारतीत शिरले, आणि तो ठराव मागे पडला. गंमत ही की आवाजाची तक्रार पुष्कळदा तेच करतात ज्यांनी संगीताच्या ओढीनं या भागात घर घेतलेलं असतं. बारच्या उघड्या दारांतून स्पीकर फोडणाऱ्या बर्बनपेक्षा कोपऱ्यावरची दहा पोरं गप्प करणं सोपं, हेही आहेच. स्पीकरमागं परवाना आणि मालक असतो, पोरांमागं फक्त खोकं.

आणि ही पोरं राहतात कुठं? ट्रेमे आणि सेव्हन्थ वॉर्ड या क्वार्टरला लागून असलेल्या काळ्यांच्या जुन्या वस्त्या. ब्रास बँड तिथला. कटरिनानंतर भाडी चढली, मग घरं आठवड्याच्या पाहुण्यांना द्यायची टूम आली. २०१९ मध्ये शहरानं त्यावर निर्बंध आणले, तोवर अख्खे चौक पाहुण्यांचे झाले होते. संगीत ऐकायला आलेला माणूस ज्या खोलीत उतरतो, ती खोली एकेकाळी वादकाची असणं इथं अजिबात दुर्मीळ नाही. ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि हॅरी कॉनिक ज्युनियर यांच्या पुढाकारानं अपर नाइन्थ वॉर्डात म्युझिशियन्स व्हिलेज उभं राहिलं, बहात्तर घरांचं. मोठं काम, पण गावातल्या वादकांची संख्या पाहता बहात्तर म्हणजे किती?

दरम्यान फ्रेंचमेनवर काय होतंय ते बर्बनचा इतिहास वाचलेल्याला ओळखीचं वाटतं. या तीन चौकांसाठी शहरानं खास झोनिंग केलं, संगीत टिकावं आणि नुसते बार माजू नयेत म्हणून. तरी जेवणाचा परवाना घेऊन उघडलेली जागा रात्री अकरानंतर बार होते. शनिवारी गाड्यांना वाट मिळत नाही, पेले हातात घेतलेली गर्दी रस्त्यावरच उभी राहते आणि उघड्या दारांतून तीन बँड फुकट ऐकते. फुकट ऐकणाऱ्यासमोर बादली येत नाही. त्याच्या हातात पेला देणारी खिडकी मात्र कुणीतरी कधीतरी उघडेलच. बर्बनवर ती उघडली तेव्हाही असंच, गिऱ्हाईक आत यायचं थांबलं होतं. गावातल्या वादकांच्या तोंडी आता सेंट क्लॉड अ‍ॅव्हेन्यूचं नाव असतं. भाडी कमी, खोल्या पडेल, पर्यटक थोडे.

मला दोन्हींपेक्षा वेगळी जागा सापडली ती क्लेबॉर्न अ‍ॅव्हेन्यूवर. हा ट्रेमेचा बाजाररस्ता, ओकच्या चार रांगांच्या सावलीतला. १९६६ मध्ये झाडं तोडून त्याच्या डोक्यावरून हमरस्त्याचा पूल नेला. काळ्यांची शंभरावर दुकानं त्या सावलीत होती ती बसली.  पुलाच्या पायथ्याशी एक भडक रंगवलेली दोन मजली इमारत आहे, मदर-इन-लॉ लाउंज. १९६१ मध्ये ज्याचं सासूवरचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं त्या एर्नी के-डोचा हा बार. तो गेला, त्याची बायको गेली, जागा बंद पडली. २०१४ मध्ये केर्मिट रफिन्स या ट्रम्पेटवाल्यानं ती पुन्हा उघडली.

रफिन्स याच ट्रेमेत शिकला, शाळकरी वयात रिबर्थ ब्रास बँड काढणाऱ्यांपैकी एक. पुढं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या बारमध्ये वाजवत राहिला. इथं गल्लाही त्याचा आणि स्टेजही त्याचं. वाजवावंसं वाटलं की वाजवतो, नाहीतर मागच्या अंगणात शेगडीसमोर उभा असतो. आम्ही गेलो त्या रात्री मधल्या सुट्टीत राजमा-भाताचे द्रोण फिरत होते. भाच्यानं सवयीनं इकडंतिकडं बघितलं आणि मग बारवर जाऊन दुसऱ्या फेरीची बिअर घेऊन आला. ‘‘इथं बिअरवरच देऊन टाकायचं, मामा,’’ म्हणाला, आणि सुट्टे पैसे काउंटरवर तसेच ठेवले.